कुत्र्याच्या घराला उंबरा

माणसाने आजवर जे जे म्हणून टिकाऊ बांधलं, ते आपल्याहून थोर अशा कुणासाठी तरी बांधलं, असं माझं मत आहे. देवळं, मशिदी, मकबरे, राजवाडे. बांधणारा खाली उभा राहतो आणि मान वर करून पाहतो. ताइफजवळच्या एका गुलाबाच्या मळ्यात आम्ही जे बांधलं, ते पाहायला मान वर करावी लागत नसे, उकिडवं बसावं लागे. आणि ज्या तिघांसाठी बांधलं त्यांच्या अंगावर गोचिड्या होत्या. तरी वरचं विधान मी मागे घेत नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट. ताइफच्या एका सरकारी हॉस्पिटलात बरीच वर्षं लॅब सांभाळतो आहे. बाकीचे डॉक्टर माणूस बरा कसा होईल ते पाहतात. आम्ही जे झालं ते का झालं ते सांगतो, आणि बहुधा सगळे घरी गेल्यावर सांगतो. त्यामुळे एका जानेवारीत आमचे माजी मुदीर, म्हणजे निवृत्त झालेले संचालक, बुटाचं खोकं हातात धरून लॅबच्या दारात उभे राहिले तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. नवल खोक्यात होतं. कुत्र्याचं पिल्लू होतं, तीन-चार दिवसांचं, मेलेलं.

"या दुक्तूर," म्हणजे अहो डॉक्टर, मुदीर म्हणाले, "हे का मेलं ते मला लिहून द्या."

तोंडी सांगितलेलं त्यांना कधी चालतच नसे. त्यांच्या कारकिर्दीत हॉस्पिटलात पाण्याचा कूलर बसला तरी फीत कापली जाई आणि कूलरच्या उपयोगांवर भाषण होई. मी त्या भाषणांना पहिल्या रांगेत बसून बऱ्याच डुलक्या काढल्या आहेत. पण त्या दिवशी ते भाषणाच्या आवाजात बोलत नव्हते.

कुत्रा लॅबमध्ये आणणं नियमात बसत नव्हतं, म्हणून मी मागच्या पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीच्या डिकीत तपासणी केली. रोग काही नव्हता. पोटात दूध होतं, म्हणजे आई पाजत होती. पोटाखालची लव मात्र ओली होती आणि तिला सिमेंटची भुकटी चिकटलेली होती. मी विचारलं, बाकीची? सगळी गेली, मुदीर म्हणाले. पाच होती. आणि खोक्याचं झाकण लावता लावता म्हणाले, "मागच्या हिवाळ्यातही गेली. चार."

आमच्या गावाकडच्या नातेवाइकांना सौदी म्हटलं की वाळू आणि ऊन दिसतं. ताइफ डोंगरावर आहे. जानेवारीत मी लॅबमध्ये स्वेटर घालून बसतो. मुदीरांचा वडिलोपार्जित मळा शहराबाहेर, आणखी उंचावर. डोंगरउतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर गुलाब. वसंतात दीड महिना तोडणी, बाकीचं वर्ष राखण. राखण माकडांपासून. कड्यांवरून मोठाल्या माकडांची टोळी उतरते, कळ्या खाते आणि खाते त्याच्या दुप्पट मोडते. म्हणून कुत्री. तीन होती, तिथलीच गावठी, वाळूच्या रंगाची: दोन नर आणि एक मादी. त्यांची जागा म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरची सिमेंट ब्लॉकची खोली, सिमेंटचीच जमीन. पाऊस पडला की वरच्या सगळ्या पायऱ्यांचं पाणी त्या खोलीतून वाट काढून पुढे जाई.

मी लिहून दिलं. मृत्यूचं कारण: जमीन.

मुदीरांनी ते दोनदा वाचलं. "जमिनीचं काय करता येतं?"

"जमीन सोडता येते," मी म्हटलं. "त्यांचं घर वर उचला."

नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. मादी पुन्हा गाभण होती. जानेवारीच्या मध्याला पिल्लं होणार. दोन्ही नर म्हातारे होत चालले होते, राखणीला नवी कुत्री लागणारच होती, पण मुदीरांनी ते कारण काढलं नाही. एवढंच म्हणाले, "दुक्तूर, तिसऱ्यांदा मी खोकं घेऊन येणार नाही. तुमच्या लोकांत एखादा सुतार असेल ना?"

होता. आमच्या हॉस्पिटलात जे दार कुरकुरत नाही, जे टेबल डुलत नाही, ते चाचांच्या हाताखालून गेलेलं असतं. चाचा रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठच्या गावचे. वय साठीपलीकडे, मेंटेनन्स खात्यात. मला मराठी बोलायला दोन माणसं आहेत, एक बायको आणि एक चाचा, आणि चाचांशी वाद कमी होतात. मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलो तेव्हा ते एका फळीवर रंधा मारत होते.

"चाचा, एक काम आहे. बाहेरचं."

"कपाट?"

"घर."

"कुणाचं?"

"कुत्र्यांचं."

रंधा थांबला. "डाक्टर, आम्ही शाफई पंथाची माणसं. कुत्र्याची लाळ लागली की सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. अख्ख्या ताइफात तुम्हाला मीच गावलो?"

"कुत्र्याला हात लावायचा नाही. फक्त घर बांधायचं."

"आणि माप? माप काय फोनवर घेऊ?"

"सुकं कुत्रं चालतं ना पण?"

"चालतं. पण सुकं हाय की ओलं, ते कुत्र्याला विचारायचं काय?" त्यांनी फळीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "पिल्लं किती गेली म्हणालात?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. त्यांना गाडीच्या डिकीचं कुठून तरी कळलेलं होतं. "नऊ," मी म्हटलं. "दोन हिवाळ्यांत."

"शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर येतो. गाडी तुमची," चाचा म्हणाले. "आणि आधीच सांगतो, गाडीत कुत्रं नको."

शुक्रवारी आम्ही मळ्यावर पोचलो तेव्हा मुदीर नकाशा घेऊन उभे होते. कुणा ओळखीच्या इंजिनिअरकडून करून घेतला होता. तीन खोल्या, प्रत्येकीत मी पाय पसरून झोपलो असतो. पुढे कमानी, जमिनीला संगमरवर, वर घुमट. मुदीर प्रत्येक भाग समजावून सांगू लागले आणि त्यांचा आवाज हळूहळू कूलरच्या उद्घाटनाच्या पट्टीत जाऊ लागला. चाचांनी नकाशा घेतला, नीट पाहिला, "माशाल्ला" म्हणाले, घडी घातली आणि मळ्याच्या सुदानी राखणदाराला विचारलं, "कुत्री झोपतात कुठे? तुम्ही ठेवता तिथे नाही. त्यांना हवं तिथे."

राखणदार आम्हा सगळ्यांहून वडील, उंच आणि मितभाषी माणूस. तो आम्हाला एका दगडी बांधाच्या आडोशाला घेऊन गेला. तिथल्या मऊ मातीत तीन खळगे होते. कुत्री दुपारी उकरून त्यात झोपत. चाचा खळग्यापाशी उकिडवे बसले, खिशातून सुतळी काढली आणि खळगा मोजला; आधी लांब, मग आडवा, मग खोल. प्रत्येक मापाला एक गाठ. हात मातीला लागू नये म्हणून सुतळीच्या टोकाला खिळा बांधलेला. मग राखणदाराला सांगितलं, उद्या सकाळपर्यंत इथे झाडू मारू नको, सकाळच्या थंडीत कसे झोपतात ते मला पाहायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा गेलो. नवे उकरलेले खळगे दुपारच्यांच्या निम्मे होते. थंडीत कुत्री अंगाची गुंडाळी करून झोपली होती. चाचांनी पुन्हा गाठी मारल्या. त्या दोन दिवसांत त्यांनी एकाही कुत्र्याकडे धड पाहिलं नव्हतं आणि तिघांचंही माप त्यांच्या खिशात होतं. मी आयुष्यभर माणसं न बघता मायक्रोस्कोपखाली त्यांचं निदान करत आलो आहे. ही विद्या मला ओळखू आली. फक्त माझ्याकडे इतकं महागडं यंत्र आहे आणि त्यांच्याकडे सुतळी होती.

घुमटाचा प्रश्न राहिला होता. चाचांचं अरबी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, बाजारात शिकलेलं. त्यांनी मुदीरांना विचारलं, "साहेब, जानेवारीत तुम्ही कहवा कुठे पिता? बैठकीच्या मोठ्या मजलिसमध्ये की अंगणातल्या त्या बुटक्या तंबूत?"

"तंबूत."

"मजलिस तर केवढी सुंदर आहे."

मुदीर म्हणाले, "गार पडते."

"मादीला फक्त अंगाची ऊब आहे, साहेब. शेगडी नाही. घुमट बांधला तर ती ऊब वर जाऊन बसेल आणि पिल्लं खाली."

माजी संचालकांनी नकाशा स्वतःच्या हाताने फाडला असं मला लिहायला आवडलं असतं. त्यांनी तो जपून खिशात ठेवला आणि म्हणाले, "या मुअल्लिम, कमान तेवढी राहू द्या." इथे कसबी कारागिराला मुअल्लिम म्हणतात. कॉन्फरन्समध्ये मला कुणी आजवर म्हटलेलं नाही.

चाचांनी कमान राहू दिली. तिन्ही दारांना.

लाकूड आलं ते एका मोठ्या स्कॅनिंग मशीनच्या खोक्याचं. तसलं मशीन येतं तेव्हा त्याच्याभोवती खोलीएवढी पेटी असते, चांगल्या जाड पाइनची, आणि ती मागच्या अंगणात पडून राहते. चाचांनी रीतसर अर्ज केला, तीन प्रतींत, आणि ती मिळवली. फळ्यांवर काचेच्या पेल्याचं चित्र आणि वर जाणारे बाण छापलेले होते. एका भिंतीत बाण खाली तोंड करून बसला. मी ते दाखवून दिलं.

"वाचणार कोण?" चाचा म्हणाले. "तुम्ही राहायला जाणार काय?"

पुढचे सहा आठवडे शुक्रवार-शनिवार, म्हणजे इथल्या सुट्टीचे दोन्ही दिवस, आम्ही मळ्यावर होतो. आम्ही म्हणजे चाचा काम करत होते आणि मी फळ्यांचं दुसरं टोक धरत होतो. मी हे टोक धरण्याचं काम मन लावून केलं, कारण त्या टोकावरून दिसत फार होतं.

तीन कुत्र्यांना तीन घरं. प्रत्येक घर चार पायांवर, गुडघ्याच्या जरा वर. प्रत्येक पायाला मध्यावर पत्र्याची गुळगुळीत गुंडाळी, म्हणजे विंचू चढायला लागला की तिथून घसरावा. कोकणात भाताच्या कोठाराच्या पायांना उंदरांसाठी करतात तसं, चाचा म्हणाले. खालची जमीन दोन थरांची. खालचा थर पट्ट्यांचा, मध्ये बोटभर फट, म्हणजे उन्हाळ्यात वारा यावा. त्यावर हिवाळ्यासाठी दुसरा थर, एकमेकांत बसणाऱ्या फळ्यांचा, आणि दोन्हींच्या मध्ये भुसा. वरच्या फळ्या खाचेतून सरकवून काढता येतील अशा. एप्रिलमध्ये काढायच्या, नोव्हेंबरात घालायच्या. आमच्या क्वार्टर्समध्ये एसीची गळती थांबवायला दोन कंपन्या येऊन गेल्या आहेत. त्यांतल्या एकीनेही ऋतूचा विचार केल्याचं मला आठवत नाही.

छपराला चांगला उतार आणि चहूबाजूंनी हातभर पुढे आलेली वळचण. इतका उतार कशाला, मुदीर म्हणाले, इथे पाऊस असा कितीसा पडतो. "पडेल त्या दिवशी पुरेसा पडतो," चाचा म्हणाले. नऊ पिल्लांचा हिशोब त्यातच आला होता.

पण मला सर्वांत आवडलं ते दार. दार मध्यावर नव्हतं, एका कडेला होतं. आत शिरल्यावर समोर फळीची आडभिंत. तिला वळसा घालून मागे झोपायची जागा. सकाळच्या खळग्याएवढी, गाठीवर गाठ जुळवून केलेली.

"वाऱ्याला वळता येत नाय, डाक्टर," चाचा म्हणाले. "कुत्र्याला येतं. बस, तेवढ्यावर चाललंय सगळं."

आणि झोपायच्या जागेला उंबरा. वीतभर उंच, वरची कड रंध्याने गोल केलेली, आईच्या आचळांना लागू नये म्हणून. मुदीरांनी तिथेही विचारलं, हे कशाला, चढायला अडचण.

"तिला नाही अडचण. पिल्लांना हवी. डोळे उघडायच्या आधी ती सरपटतात, कुठेही जातात. घरंगळून खाली पडलं की गेलं." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "आणि उंबरा नसेल तर घर कसलं, टपरी ती."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिन्ही घरं उभी राहिली. दाराशी चढायला उतरती फळी, पाय घसरू नये म्हणून तिच्यावर आडव्या पट्ट्या. दोन्ही नर पहिल्याच दिवशी आत जाऊन झोपले, जणू पूर्वी भाडं भरत होते. मादीचं घर सर्वांत आडोशाला होतं, पण तिला शुक्रवारी न्यायचं ठरलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मुदीरांनी उद्घाटन ठेवलं होतं. हॉस्पिटलातले जुने सहकारी येणार, फीत, कहवा, खजूर, आणि मी मुक्या प्राण्यांविषयीच्या दयेवर दोन शब्द बोलायचे.

आता माझ्या कामगिरीकडे येतो.

गुरुवारी संध्याकाळी मी एकटा मळ्यावर गेलो. बाळंतिणीची खोली आहे, मी विचार केला. आणि मशीनचं ते खोकं कुठून कुठून आलेलं, कशावर पडलेलं, कुणी सांगावं. मी जंतूंवर जगणारा माणूस. शिवाय मी ज्या घरात वाढलो तिथे फरशीला वास आल्याखेरीज ती पुसली आहे असं कुणी मानत नसे, आणि तो वास एकाच गोष्टीचा. आमच्या गल्लीच्या टोकाला एका मलबारी माणसाचा बकाला, म्हणजे किराणा दुकान, आहे. तिथे काळं फिनेल मिळतं. दोन बाटल्या नेल्या. जमीन, भिंती, आडभिंत, उंबरा, उतरती फळीसुद्धा पुसून काढली. परत निघताना मागे वळून पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. आमच्या हॉस्पिटलाचा वॉर्डही इतका स्वच्छ वासाचा नसतो.

शुक्रवारी दुपारी राखणदार मादीला दोरीने घेऊन आला. पोट जमिनीला टेकायला आलं होतं. ती फळीपाशी आली, नाक पुढे केलं, शिंकली, पुन्हा शिंकली, आणि दोरी ओढत सरळ खालच्या पायरीकडे, सिमेंटच्या खोलीत जाऊन बसली. मांस ठेवून पाहिलं. दोन्ही नरांना आणून दाखवलं. तेही दहा पावलांवर थांबले. राखणदाराने तिला उचलून आत ठेवलं, तर ती बाहेर आली ती त्याच्या खांद्यावरून.

मुदीर आकाशाकडे पाहत होते. पश्चिमेला ढग होते.

चाचा अंतर ठेवून उभे होते. त्यांनी हवेत एकदाच नाक ओढलं.

"काय लावलंत?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "तुमचा दोष नाय, डाक्टर. हॉस्पिटलात पेशंटला पळून जाता येत नाय. तुम्हाला सवय नसेल."

मग त्यांनी बाह्या दुमडल्या. वरच्या थराच्या फळ्या खाचेतून सरकवून बाहेर काढल्या, मधला भुसा फेकून दिला आणि एकेक फळी रंधायला घेतली. दोन्ही बाजू, चारही कडा. फिनेल पाइनमध्ये खोल शिरलं होतं. कागदाएवढा थर जाऊन भागत नव्हतं. भिंती काढता येण्यासारख्या नव्हत्या. त्यांच्यासाठी चाचांनी बांधावरची माती मागवली, स्वतः चाळली, पाण्यात कालवली आणि काथ्याने भिंतींना घासू लागले. मी बादल्या वाहत होतो. एक पाणी, मग माती, मग पुन्हा पाणी. ते मोजत आहेत हे माझ्या तिसऱ्या बादलीला लक्षात आलं. सात वेळा. कुत्र्याचा विटाळ धुवायची रीत ते कुत्र्यासाठी वापरत होते, आणि विटाळ माझा होता.

सहाव्या पाण्याला मी म्हटलं, "चाचा, आता वास येत नाही."

"तुम्हाला," चाचा म्हणाले.

मी सातवी बादली आणली.

शनिवारी दिवसभर तेच. फळ्या बांधाला टेकून उन्हात ठेवल्या. मंगळवारी चाचांनी अर्धा दिवस रजा टाकली, मळ्यावर जाऊन नवा भुसा भरला आणि फळ्या परत सरकवल्या. राखणदाराने मादीच्या जुन्या जागेवरचं पोतं आणून आत अंथरलं आणि तिच्या खळग्यातली चार ओंजळ माती त्यावर पसरली. हे त्याने कुणाला न विचारता केलं, आणि चाचांनी मला ते दोनदा सांगितलं. मादी आली, फळीपाशी उभी राहिली, आणि परत गेली. पण या वेळी शिंकली नाही.

बुधवारी सकाळपासून मुदीरांचे मला चार फोन आले. लॅबमध्ये माझ्या हाताखालच्या मुलींना वाटलं मुदीरांच्या घरी कुणी अत्यवस्थ आहे. मी नाही म्हटलं नाही. अकराच्या सुमारास अंधारून आलं आणि गारांसकट पाऊस सुरू झाला. माझ्या टेबलावर एक स्लाइड होती. ती मी तीनदा पाहिली आणि तीनही वेळा काय पाहिलं ते लिहायचं राहिलं. सिमेंटच्या खोलीतून या वेळेला पाणी वाहत असणार, एवढंच डोक्यात होतं.

दोनच्या पुढे फोन वाजला. राखणदार होता. तो एरवी फोनवर बोलतच नाही.

"दखलत, या दुक्तूर," तो म्हणाला. आत गेली. आणि पुन्हा, मला ऐकू आलं नसेल अशा बेताने, "दखलत."

पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा ती खोलीच्या दारात आली, भर पावसात दोन पायऱ्या चढली, फळीवर थांबली, आतलं पोतं हुंगलं आणि आडभिंतीला वळसा घालून दिसेनाशी झाली. नंतर बाहेर आली नाही.

मी चाचांना सांगायला गेलो. ते एका वॉर्डच्या दाराची बिजागरी बदलत होते.

"ओली गेली काय आत?"

"चिंब."

"मग ते घर आता तिचं," चाचा म्हणाले. "माझा हात लागणार नाय त्याला." आणि स्क्रू पिळू लागले. पण त्या बिजागरीला चार स्क्रू लागतात आणि त्यांनी तिसऱ्यावरच स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. मी आठवण केली तेव्हा परत काढला.

गुरुवारी पहाटे पिल्लं झाली. शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर पाहुणे आले, वीसेक असतील. मुदीर काळा, सोनेरी काठाचा बिश्त, म्हणजे समारंभाचा झगा, घालून होते. फीत बांधायला गेलेला माणूस सकाळीच परत आला होता. मादी घरातून बाहेर न येता नुसती गुरगुरली होती, तेवढं त्याला पुरलं. त्यामुळे समारंभ चाळीस पावलांवर, वरच्या पायरीवर झाला. मुदीरांनी घसा साफ केला आणि भाषण सुरू केलं. पहिल्याच वाक्याला खालून गुरगुर ऐकू आली. मुदीर थांबले. त्यांनी खाली पाहिलं, आवाज उतरवला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा गुरगुर. मग त्यांनी सबंध भाषण कुजबुजत केलं. पुढच्या रांगेतल्यांनाही एक शब्द कळला नाही. त्यांची मी ऐकलेली भाषणं आठवून सांगतो, यापेक्षा चांगलं त्यांनी कधी केलं नव्हतं. संपल्यावर त्यांनी फीत गुंडाळून खिशात ठेवली आणि माझे दोन शब्द नकोत असं हातानेच सांगितलं.

चाचा पाहुण्यांत नव्हते, गेटजवळ कहव्याचा पेला घेऊन उभे होते. राखणदार त्यांच्याजवळ गेला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"उंबरा पुरला?"

राखणदाराने डाव्या हाताची वीत उभी धरली आणि उजव्या हाताचं बोट तिच्या कडेवर टेकवलं. आईच्या अंगावर चढलेल्या एका पिल्लाचं नाक तिथपर्यंत आलं होतं. त्याच्या पुढे नाही. चाचांनी मान हलवली आणि उरलेला कहवा प्यायला.

त्यानंतरचे दिवस कडाक्याच्या थंडीचे गेले. दोनदा पाऊस झाला. मुदीर रोज संध्याकाळी मळ्यावर जात आणि मला फोन करत: जिवंत आहेत, आवाज येतो आहे. किती आहेत ते मात्र कळेना. राखणदाराच्या मते पाच, मुदीरांच्या मते सात. आडभिंत इतकी चोख होती की बाहेरून उंबऱ्याशी आलेलं एखादं नाक सोडलं तर काही दिसत नसे. कारागिराने काम फारच चांगलं केलं की असं होतं. बाराव्या दिवशी मुदीर म्हणाले, तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही मोजा. मलाही ते योग्य वाटलं. मादी खायला बाहेर आली आहे असं पाहून मी फळीवर गुडघे टेकले, कमानीतून खांद्यापर्यंत हात घातला आणि आडभिंतीपलीकडे, गरम पोत्यावर, एकेक करून मोजू लागलो.

सहा होती, सगळी जिवंत. आमच्या इमर्जन्सीच्या रजिस्टरात त्या दिवशी पेशंट म्हणून माझं नाव आहे, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे: कुत्रा, उजवी पोटरी.